सोनालीची राहिलेली तपासणी

सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सोनालीस अनेक आशीर्वाद.

फोन सदा तुझ्या यजमानांच्या, शहाजीरावांच्या खिशात, म्हणून पत्र. दिवाळीला माहेरी आलीस तेव्हा सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात तपासणी केली होती, तिचा निकाल आलाय. गर्भपिशवीच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. हा कॅन्सर नव्हे, आधी पाणी पी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संबंधातून पसरतो, बहुतेकांना कधीतरी होतो आणि बहुधा आपोआप जातो. पण मुक्काम ठोकला तर काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दुर्बिणीतून तपासायचंय. कधीचा, कुणाकडून, हे सांगता येत नाही. तेव्हा नवऱ्याला बोल लावू नकोस, स्वतःलाही नको. लहानपणी सुई बघून कणगीमागं लपायचीस, तसं आता चालणार नाही.

वाट बघतेय,
वैजयंतीअक्का

मंगळवेढा तालुका, १५ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांनीच फोडलं. संबंधातून, एवढ्यावरच थांबले नि कुणाच्या म्हणून विचारलं. पुढचं वाचा असं मी म्हणाले, तर हे मेंढरं घेऊन रानात गेले. सासूबाई रागावल्या नाहीत. दुखऱ्या मेंढीला देतात तसा तापल्या सळईचा डाग त्यांनी माझ्या ओटीपोटावर दिला. ह्या हातानं लई मेंढरं वाचवलीत, तुला कशी मरू दिऊ, म्हणत स्वतःच रडत होत्या. मला नको म्हणवलं नाही. आता घरचे म्हणतात, इलाज झाला, सोलापूर कशाला. अक्का, पाळी नसताना मधूनच रक्त जातंय, ते मी दवाखान्यात लाजेनं सांगितलं नव्हतं.

लोभ आहेच, तो राहू दे.
सोनाली

सोलापूर, ३ मार्च

चि. सोनालीस आशीर्वाद.

परवा तुझ्याकडं आले, तर तू रानात. तुझ्या सासूबाईंनी भाकरी वाढली, डाग वाळत आल्याचं कौतुकानं सांगितलं. चटक्यानं आतला विषाणू मरत नाही, असं मी ओरडून सांगितलं, तर त्यांनी हात जोडले. हात जोडणाऱ्या बाईशी कसं भांडू? शहाजीरावांनी एसटीपर्यंत सोडलं. रक्ताचं ऐकल्यापासून डॉक्टरीणबाई उद्याच आणा म्हणतायत. कशीही ये गं. लेकीलाही आण, वैष्णवीच्या वयात लस घेतली तर पुढचा धोका पुष्कळ टळतो.

जीव थाऱ्यावर नसलेली,
अक्का

मंगळवेढा तालुका, १९ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हे बाजारच्या दिवशी गुपचूप टपालात टाकतेय, उत्तर घरी पाठवू नकोस. वैष्णवीला सुट्टीत पाठवीन. लेकरांच्या लसीला सासूबाई नाही म्हणत नाहीत. माझं म्हणशील तर रक्त वाढलंय. पण मी बोलले की सासूबाई दुसरा डाग देतील, पहिलाच अजून ठणकतोय. म्हणून बरी झाले असं सांगितलंय. सासूबाईंनी आनंदानं देवाला नारळ फोडला. तू फोन केलास तर ह्यांच्यासमोर मी बरी आहे असंच म्हणेन. तू ते खरं मानू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी सोनाली