बायजाक्काची हाळी

भोर, ३ डिसें. ४२
रेडिओ दुरुस्तीचं काम सुटलं. मालक म्हणाले, तुझं चित्त जाग्यावर नसतं. खरंय. तार गुंडाळायची सोडून कोळ्याचं जाळं बघत बसलो होतो. जाताना खड्याचा रेडिओ दिला त्यांनी, बॅटरी लागत नाही. वेल्ह्याकडं निघालो. का, ते ठरलं नाही.

६ डिसें. वेल्ह्याच्या वर, धनगरवाडा
बायजाक्काच्या झोपडीत टेकलोय. एकटीच असते, बकऱ्या राखून. मुलगा खंडू पलटणीत. झाडाला तार बांधली. दिवेलागणीला मुंबई लागली, डास गुणगुणावा तशी. ऐकायचं भोकर एकच, आळीपाळीनं कानाला लावलं. किती दिवसांनी कुणाशेजारी बसलो.

७
आक्काला सांगितलं, चुलीची धग, कंदिलाचा उजेड अन् ही रेडिओची लाट, सगळ्या एकाच जातीच्या लाटा. उजेडाची केसाहून बारीक, ही इथून पलीकडच्या कुरणापर्यंत लांब. कुडातून येते, आपल्यातूनही जाते, कळत नाही. हे सगळं मालकांकडून ऐकलेलं.
ती म्हणाली, "मंग आमचा खंडू बी बोलत आसंल की त्यात."
पावसाळ्यापासून त्याची खबर नाही. मी म्हणालो, असेल. असेल कसला.

९
आज ऐकता ऐकता उठली, कड्यावर गेली अन् लांबलचक हाळी दिली, खंड्याऽ म्हणून. धावत येऊन भोकर कानाला लावलं. आत कुणीतरी गात होतं.
यातून नुसतं येतं, जात नाही, हे सांगायला पाहिजे. उद्या.

१२
रोज हाळ्या देऊन आक्काचा घसा बसलाय. आज सांगितलं. तिनं बकऱ्यांच्या धारा काढल्या. मग म्हणाली, "हाळीला उत्तर न्हाई आलं तर माणूस धाडत्यात बघाया. आमच्यात रीतच हाय. म्या बकऱ्या टाकून कशी जाऊ? तू तर हिंडतूसच उगा."

१३, पानशेतच्या वाटेवर
रेडिओ तिच्याकडंच राहिला. पुण्यात पलटणीची कचेरी शोधायची. खंडूचं नाव, गाव, भुवईवर बकरीचं शिंग लागल्याची खूण, एवढंच जवळ. वाटेत एका गाडीवानानं विचारलं, तुझा कोण लागतो? भाऊ म्हणालो. आपसूक तोंडातून गेलं.
खबर कसलीही मिळो, वर जाऊन सांगायची मलाच. आजवर सोडल्या जागी परत कधी गेलो नाही. बघू, पाय कुठं नेतात.