सुनंदाचं वाक्य

३ नोव्हेंबर, सोम.
‘आवडला नाही असं म्हणायचं नाही.’ मी चौथीत असताना दिवाळीचा फ्रॉक ढगळ निघाला, तेव्हा आई म्हणाली होती. आज क्लासमध्ये आठवलं. बायकांना अपेक्षाभंगाचे इंग्रजी वाक्प्रचार शिकवत होते. ‘लेट-डाउन’, ‘नॉट अप टू द मार्क’. घरचं खरं उदाहरण लिहा म्हटलं.
राजम्मा म्हणाली, “सासूला इंग्लिश येत नाही की. लिहिते मग.” सासूची शेंगाचटणी नॉट अप टू द मार्क! मग काय, सगळ्यांनी चटणीच लिहिली.
सुनंदा मान खाली घालून लिहीत होती. तिचं वाक्य: ‘बारा वर्षं झाली, माझं लग्न हा मोठा लेट-डाउन आहे.’ इंग्रजीत एकही चूक नाही. खूश होऊन मी सगळ्या वह्यांचे फोटो क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले.

४ नोव्हें.
सुनंदा आली नाही.

५ नोव्हें.
राजम्मानं सांगितलं. ग्रुपवरचा सुनंदाचा नंबर नवऱ्याचा. घरात फोन एकच. त्यानं कामावर, चिंचोळीच्या कारखान्यात, एकाकडून वाक्य वाचून घेतलं, चारचौघांत. तिचा क्लास बंद. शनिवारची दवाखान्यातली रिसेप्शनची मुलाखतही बंद.
नंबर मीच उतरवून घेतले होते. कुणाचा ते विचारलं नाही. फोटो टाकू का, हेही.

६ नोव्हें.
तिच्या घरी गेले. नवरा दारातच. घाबरून खोटं बोलले, वाक्य फळ्यावरचं होतं, तिनं नुसतं उतरवलं.
“मग बाकीच्यांनी चटणी कशी लिवली, म्याडम?”
तोच पुढं म्हणाला,
“बारा वर्सांत तोंडानं एक शबुद बोलली न्हाय. बोलली ती इंग्रजीत, तेबी लोकांपुढं.” डोळे लाल. वाईट माणूस वाटला नाही.
आतून सुनंदा, “म्याडम, तुमी जावा.” आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

७ नोव्हें., शुक्र.
मी तरी ह्यांना कधी काय बोलले... जाऊ दे.
मुलाखत उद्या अकराला. आज पाचला सुनंदाच्या नवऱ्याची शिफ्ट सुटते. कारखान्याच्या फाटकाशी उभी राहणार. आज खोटं नाही. वाक्य तिचंच, चव्हाट्यावर आणलं मी. ऐकून घेईल, नाही म्हणून मान हलवेल, पुढं निघेल. तरी एवढं मागणार. भाऊ, माझ्यावर काय राग काढायचा तो काढा. उद्या तिला जाऊ द्या.