बाबांचं तीन खटक्यांचं रिव्हॉल्व्हर

आणि फोन आदळला म्हणजे भांडण मिटलं असं समजू नका, हार्लनकाका. माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं, ते इथे पुरं करतो: भंगार असेल तर असू दे, मी ते घेतलं.

(आता रीतीचं. आदरणीय काकांना टोपी काढून नमस्कार. तुमचा गुडघा, इडाकाकूंचं ब्लडप्रेशर आणि लंगडी घोडी, तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. मी ठीक. इथे विलिस्टनला अशी थंडी आहे की तेलविहिरीवर शिवी दिली तर ती समोरच्याला पोचायच्या आत मिशीवर गोठते. पत्र काकूच वाचून दाखवणार, तेव्हा शुद्धलेखन त्यांनीच वाचता वाचता नीट करून घ्यावं. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे?)

मूळ मुद्दा काढतोच, कारण तुम्ही तो दोन वर्षं काढू देत नाही. बाबा गेले तेव्हा फेब्रुवारी होता, रस्ते बर्फाने बंद, मी डाकोटात अडकलेला. मातीला पोचलो नाही. एप्रिलमध्ये वायोमिंगला घरी आलो तर दाराआडच्या खिळ्यावर बाबांचा कमरपट्टा लटकत होता आणि त्यातलं रिव्हॉल्व्हर नव्हतं. विचारलं तर तुम्ही कॉफी ढवळत एवढंच म्हणालात, "विकलं. मोडकं होतं. तू चांगलं बघून घे, निवडायचं कसं ते मी शिकवतो." का विकलं, किती गरज पडली, एक अक्षर नाही. मी अंगणात एवढा ओरडलो की कुत्रा पिकअपखाली जाऊन बसला आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही. (तो अजून माझ्यावर गुरगुरतो का?)

आणि मग तुमची ती शिकवणी! जुनं रिव्हॉल्व्हर निवडणं म्हणजे बायको निवडण्यापेक्षा अवघड, असं तुम्ही काकूंसमोर म्हणालात आणि तीन दिवस शिळ्या बिस्किटांवर काढलेत, ते मला आठवतंय. स्क्रूची डोकी बघ, नंबर जुळतात का बघ, चकाकणाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. सगळं पाठ होतं, काका. पहिलं घेतलं ते दीडशे वर्षांचं म्हणून घेतलं. तुम्ही मूठ काढून आत बघायला सांगितलंत, तर आत इटलीतल्या कारखान्याचा शिक्का. कोणीतरी ते शेणात पुरून म्हातारं केलं होतं. तरीच थंडीतसुद्धा त्याला वास यायचा. दुसऱ्याची मूठ म्हणे हरणाच्या शिंगाची. मी ते खोलीतल्या हीटरजवळ टांगलं, तर सकाळी शिंग माझ्या बुटात ठिबकलं होतं. तिसरं मात्र अस्सल निघालं. तुम्ही फोनवर आनंदाने शिट्टी मारलीत. म्हणून मी ते तुम्हाला दाखवायला नेण्याआधी विहिरीवरच्या तारेच्या ब्रशने घासघासून असं लखलखीत केलं की त्यात तोंड बघून दाढी करावी. तो तपकिरी रंगच त्याची किंमत होता, हे तुम्ही नंतर सांगितलंत. म्हणजे सांगितलं काकूंनी. तुम्ही महिनाभर माझ्याशी बोललाच नाहीत.

पण एका गोष्टीत तुम्ही मला कधी सवलत दिली नाहीत, ती म्हणजे कान. बाकी काही बघ न बघ, आधी खटके ऐक. अंगठ्याने घोडा सावकाश मागे ओढायचा (बंदुकीचा घोडा, काकू, लंगडीचा नाही), चांगल्या रिव्हॉल्व्हरचे चार खटके वाजतात, आणि मला खात्री नसेल तर फोन त्याच्याजवळ धरून तुम्हाला ऐकवायचे. जुन्या बंदुकांच्या प्रत्येक प्रदर्शनात मी गुडघ्यावर बसून फोन रिव्हॉल्व्हरला लावायचो, आणि आजूबाजूचे टेबलवाले ओरडायचे, "डॉक्टर, पेशंट वाचतोय का?" दोन वर्षांत निदान पन्नास तरी ऐकवली असतील तुम्हाला. मला वाटायचं, म्हातारा कंटाळत कसा नाही?

आता मायनटचं. शनिवारी तिथल्या जत्रेच्या मैदानावर प्रदर्शन होतं. मी उबेसाठी आत शिरलो, खोटं कशाला बोलू? शेवटच्या टेबलावर एक तपकिरी, उघड्याबोडक्या अंगाचं पडलं होतं. सवयीने घोडा ओढला. खट, खट, खट. तीनच. पहिला गायब.

तुम्हाला सांगायला नको, पण काकू वाचतायत म्हणून लिहितो. घोड्याला गोळीपासून जरा दूर धरणारी पहिली खाच बाबांच्या रिव्हॉल्व्हरला नव्हती. ते खोगिरावरून खडकावर पडलं तेव्हाच ती तुटली होती. वासराला फास टाकताना दोर आणि खोगिराच्या खुंटीमध्ये सापडून उजवा अंगठा गेला, तेव्हापासून बाबा घोडा डाव्या अंगठ्याने ओढायचे, तोही तिरका. या रिव्हॉल्व्हरच्या घोड्याची टोकाकडची नक्षी एकाच बाजूने झिजलेली होती. मी डावा अंगठा ठेवला. तो तिथे बसला, काका. कोणीतरी उठून जागा दिल्यासारखा बसला.

मग मी तुम्हाला फोन लावला. काही न सांगता ऐकवलं. तुम्ही नाक शिंकरलंत. मग म्हणालात, "तीन खटके. भंगार आहे. सोडून दे, आणि त्या दाढीवाल्याशी गप्पा मारत बसू नकोस." आणि फोन आदळलात.

भंगारासाठी कोणी नाक शिंकरतं का? आणि दुकानदाराला दाढी आहे, हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

अर्थात मी गप्पा मारत बसलो. त्याचं नाव ओस्मंड. दाढी छातीपर्यंत, तीत कालचं सुकं मांस. मी विचारलं, कोणाकडून आलं? म्हणाला, "वायोमिंगचा एक म्हातारा. पायाने लंगडा, जिभेने तिखट." मी म्हटलं, ओळखतो. तो म्हणाला, "मी म्हटलं, आजोबा, खटका बसवून घेतो, भाव दुप्पट येईल. तर माझी दाढीच धरली. म्हणाला, हात लावशील तर बघ! चार वाजायला लागले तर पोराने ओळखायचं कशावरून? तो ऐकत ऐकत येईल." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दोन वर्षं गावोगाव नेतोय मी हे. लोक उचलतात, तीन खटके ऐकतात, ठेवतात. घाई केलीस की रे फार!"

मी विचारलं, एवढं होतं तर विकलं कशाला? त्याने दाढी खाजवली. "फेब्रुवारी होता ना. जमीन दगडासारखी. खड्डा खणायला यंत्र लागलं, आणि यंत्रवाला रोख मागत होता. तुला सांगितलं नाही त्याने?"

नाही. आम्हाला नाही सांगितलं. आम्हाला भंगार म्हणून सांगितलं. मी अंगणात ओरडलो तेव्हाही तुम्ही कॉफीच ढवळत होतात. एकदा तरी उलटं ओरडायचंत ना काका, आमच्या घराण्यात आवाजाची काही कमी आहे का?

मी ते रिव्हॉल्व्हर घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसलो. गाडी चालू केली नाही. काच आतून गोठली, ती खरवडायला लागली. एवढंच लिहितो.

तुमचा,
क्लेट

ता. क. ओस्मंडने माझी तिन्ही रत्नं बदल्यात घेतली. दुसऱ्याची वितळलेली मूठ बघून तो एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. फरकाच्या रकमेत पिकअपचे बर्फावरचे टायर गेले, म्हणून बर्फ वितळेपर्यंत मला घरी येता येणार नाही. (काकू, हे वाक्य वाचू नका. मी बिनटायरचा फिरतोय असं त्यांना वाटेल. टायर आहेत, फक्त गुळगुळीत आहेत.)

ता. क. खरं काम असं, की रविवारी फोन उचला. मी काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. घोडा एकदाच ओढीन, सावकाश, डाव्या अंगठ्याने. नाक शिंकरलंत तरी चालेल.

ता. क. राहिलंच. आपल्याकडच्या सगळ्या जुन्या गड्यांसारखे बाबाही पाचच गोळ्या भरायचे आणि घोड्याखालच्या सहाव्या घरात गुंडाळलेली नोट ठेवायचे, आपण जिथे पडू तिथल्या माणसांना आपल्याला पुरायचा भार नको म्हणून. ती तिथेच होती. ओस्मंड म्हणाला, "आयुष्यभर लोकांना गंडवलं, पण मातीच्या पैशाला हात लावला नाही." तुम्हीही लावला नाहीत, यंत्रवाला दारात उभा असताना. पण बाबांनी ती पुरणाऱ्यासाठी ठेवली होती, आणि पुरलं तुम्ही. म्हणून याच पाकिटात घालतोय. सरळ होत नाही, पुन्हा पुन्हा गुंडाळते, काकूंच्या लोखंडी तव्याखाली ठेवा. वीस डॉलर.