चौदा पानांचा कागद

३ नोव्हेंबर, सोमवार

खुर्ची ओली झाली. सेलूच्या मीटिंगमध्ये, साठ आशा सेविकांच्या मधोमध.

खोकला आला आणि सुटलं. एवढंच. तोंडावर पदर धरून खोकला दाबायला गेले तर खालचं गेलं. पॅड लावलं होतं, पण ते सकाळी सहाचं आणि मीटिंग सुरू झाली बाराला. सगळ्या जेवायला उठल्या, मी बसूनच. केशरबाई — शेजारच्या गावची आशा, तिला सगळ्यांच्या घरातलं माहीत पाहिजे — म्हणली, "शिवकन्या, उठ की. उपास हाय का?" मग खुर्चीकडं बघून, "पाणी सांडलं काय गं?"

हो म्हटलं. बाटली लवंडली म्हटलं. बाटली माझ्या हातात होती, झाकण लावलेली.

तिला कळलं. आता ती ते पोटात ठेवणार नाही. तिच्या बापाचं काय जातंय.

आणि नेमकं आजच परभणीच्या एका दवाखान्यातली बाई आली होती. राजेश्री नाव. लघवी न थांबणाऱ्या बायांसाठी नवीन औषध आलंय, त्याचा बारा आठवड्यांचा अभ्यास आहे, म्हणली. "प्रत्येकीनं आपल्या गावातून दहा बायका द्या." द्या म्हणे. जशा काय कोंबड्या. सोळा वर्षं झाली मी बायाच देत आलेय — लसीला, कॅम्पला, ऑपरेशनला. आमच्या वालूरमध्ये एक घर राहिलं नाही जिथून मी कुणाला नेलं नाही.

जाताना ती राजेश्री माझ्या खुर्चीजवळून गेली. थांबली नाही, पण बघितलं. लय राग आला.

४ नोव्हेंबर

दिवसभर पाणी प्यायले नाही. डोकं फुटायलंय. पण कोरडी राहिले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

राजेश्रीचा फोन. "ताई, दहा बायकांचं राहू द्या. तुमचं बोला." मी फोन कापला. परत आला. परत कापला. मग मेसेज — सोमवारी डॉक्टर मॅडम आहेत, नुसतं भेटायला या.

हिला कुणी अधिकार दिला? माझं मी नऊ वर्षं सांभाळलंय. कुठल्या घरी किती वेळ बसायचं ते मला माहीत आहे. गाडीवर मागं बसत नाही. लग्नात जेवायला बसले तर कडेला, दाराकडं. बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाते तर पिशवीत तिच्या बाळाच्या दुपट्यांखाली माझे कपडे. कुणाला कळलं का? नाही.

एकाला कळलं. सुग्रीवला. नवऱ्याचं नाव असं लिहिलं तरी काय, वही कोण बघतंय. तीन वर्षांमागं म्हणला, "वास यायलाय गं." एवढंच म्हणला. दुसऱ्या दिवशी बाज उचलून पुढच्या खोलीत. मी त्याच्या आईचं चार वर्षं हागणंमुतणं काढलं. तेव्हा वास नव्हता आला कुणाला.

१० नोव्हेंबर, सोमवार

गेले. भांडायलाच गेले होते.

डॉक्टरीण चाळिशीची असेल. मी बसायच्या आधीच म्हटलं, "तुमी आमच्यावर प्रयोग करणार, असंच ना?" मला वाटलं, नाही नाही म्हणेल. ती म्हणली, "हो. प्रयोगच आहे."

मग सांगितलं. निम्म्या बायांना नवीन गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती ते कॉम्प्युटर ठरवणार.

"आणि मला कोणती आलीय ते तुमी सांगणार?"

"मलाही माहीत नसणार. सगळं संपल्यावरच कळेल."

"म्हणजे बारा आठवडे मी पिठाच्या गोळ्या खाईन आणि तुमाला माहीतच नसंल."

"तसं होऊ शकतं."

"आणि काही झालं म्हणजे?"

"तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, काहींचा रक्तदाब वाढतो. आणखी काही असेल तर तेच तर शोधतोय. झालं तर उपचार आम्ही करायचे. तुम्ही कधीही सोडू शकता, कारण न देता. आणि अभ्यासात नाही आलात तरी नेहमीचे उपचार मिळतीलच."

सोळा वर्षांत डॉक्टरच्या तोंडून 'मला माहीत नाही' ऐकलं नव्हतं. बरं वाटलं नाही. भीती वाटली. जे माहीत आहे असं दाखवतात त्यांच्यावर निदान नंतर ओरडता तरी येतं.

कागद दिला. चौदा पानं, मराठीत. शेवटी सहीची जागा. मी म्हटलं, "लगेच पायजे का?" म्हणली, "नाही. घरी न्या, वाचा." मी बाईच्या तोंडाकडं बघत राहिले. सही करून घ्यायची घाई कशी असते ते मला चांगलं माहीत आहे. मीच केलीय ती घाई.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कागद दोनदा वाचला. आता गोजरबाईचं लिहावंच लागणार.

गोजरबाई माझी धाकटी जाऊ, सुग्रीवच्या भावाची — बजरंगची — बायको. दोघं दरसाल दिवाळी झाली की टोळीसोबत ऊस तोडायला जातात. बारा वर्षांखाली तिला अंगावरून लय जायचं. डोक्यावर मोळी, आणि रक्त पायावरून. बजरंग म्हणला, "वैनी, तुमी आशा हाव, कुटंतरी दाखवा." मी एका खाजगी डॉक्टरला दाखवलं. त्यानं पाच मिनिटं बघितलं नसेल. गर्भाची पिशवी खराब आहे, काढा, नाहीतर कॅन्सर होईल. लगेच कागद पुढं. गोजरबाई तेव्हा एकतीसची. मला म्हणली, "आक्का, काय लिवलंय ह्यात?" मी म्हटलं, "कर अंगठा. मी हाय ना."

पिशवी गेली, रक्त थांबलं. मग कंबर धरली. अंगाची आग व्हायला लागली. पस्तिशीत म्हातारी दिसायला लागली. नंतर दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं, गोळ्यांनी भागलं असतं. तेव्हापासून बोलत नाही. भिंतीला भिंत लागून घरं, आणि रस्त्यात भेटली की मला 'आशाताई' म्हणते, परक्यासारखं.

मी काय केलं? बजरंग तिथं होता. डॉक्टर होता. राग मात्र सगळा माझ्यावर. मी तिच्या चांगल्यासाठीच नेलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

राजेश्रीला एक तरी नाव द्यावं म्हणून फिरले. बावीस घरं. कुणालाच त्रास नाही. नर्मदाबाईला मी स्वतः देवळाच्या पायरीवरून ओलं लुगडं धरून पळताना बघितलंय, तीसुद्धा म्हणली, "असलं काय बोलतीस, पोरीबाळी हायेत घरात." वालूर एवढं मोठं गाव, आणि त्यात मी एकटीच गळकी.

शेवटी गोजरबाईच्या अंगणात गेले. का गेले माहीत नाही. ती टोळीची बांधाबांध करत होती — ताडपत्री, तवा, पिठाचा डबा. मान वर न करता म्हणली, "आता कुटं अंगठा पायजे?"

"अंगठा न्हाई. विचारायला आले."

"तुमी कदी विचारलंय, आशाताई?"

मी तोंडाला आलेलं बोलणार होते. तेवढ्यात दोरीकडं नजर गेली. जुन्या लुगड्याचे तुकडे वाळत घातलेले. चौपदरी घडी, मध्ये शिवलेली, दुसऱ्या लुगड्याच्या आड. मी पण तशाच घालते. आणि हिची पाळी तर बारा वर्षांखालीच गेली.

तिनं मला बघताना बघितलं. उठून सगळे काढून आत नेले. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुग्रीवला कागद सापडला. म्हणला, "आशाबाईच मुतती म्हणून गाव हसंल. काई जायचं न्हाई."

"तुमी तीन वर्सं पुढच्या खोलीत झोपताव. तुमाला काय फरक पडतो?"

टीव्हीचा आवाज वाढवला. ह्या माणसाला मी दोन भाकरी वाढल्या आणि तिसरी वाढली नाही. मागितलीही नाही त्यानं.

निकिताचा पुण्याहून फोन. पोरीला म्हणे केव्हाचं माहीत होतं. "आई, कर की. त्यात काय एवढं." त्यात काय एवढं! तिच्या वयाला सगळंच सोपं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

राजेश्रीला विचारलं, पिशवी काढलेली बाई चालते का. तपासून घेतात, म्हणली. वाचता येत नसेल तर कागद पूर्ण वाचून दाखवावा लागतो, आणि साक्षीदार तिऱ्हाईत लागतो, घरचा नाही.

बारा वर्षांखाली हे कुणी का नाही सांगितलं. का मी विचारलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज दुपारी कागद घेऊन गेले. अंगणात उभी राहून म्हटलं, "गोजरबाई, त्या घड्या मी बघितल्या. माझ्याबी तशाच हायेत."

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. मग म्हणली, "वाचा. सगळं. मदलं सोडायचं न्हाई."

बसायला काही दिलं नाही. मी उंबऱ्यावर बसले. चौदा पानं. दर ओळीला अडवायची. "खोटी गोळी म्हंजे?" "ही ओळ परत." "मदीच सोडलं तर कोण रागवणार?" मला दोनदा उठून जावं लागलं, तिला एकदा. कुणी कुणाकडं बघितलं नाही. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं तरी आमचं अकरावं पान.

वाचून झालं. म्हणली, "त्या टायमाला त्या कागदात काय होतं?"

"माहीत न्हाई."

"म्हंजे?"

"इंग्रजी होतं. मला येत न्हवतं. मी वाचलंच न्हवतं, गोजरबाई."

तिनं सूप खाली ठेवलं. "मला वाटायचं तुमी वाचलं. वाचून सांगितलं न्हाई. बारा वर्सं मी तुमाला खोटारडी म्हणत होते मनात."

"आता?"

"आता त्याच्यावून वाईट."

मी चौदा पानं जुळवून मांडीवर ठेवली.

मग ती म्हणली, "ह्या बारीला मला विचारलंय ना?"

"हो."

"मंग न्हाई. मला न्हाई यायचं."

मी तणतणत घरी आले. तीन तास घसा कोरडा केला, वर हे ऐकून घेतलं, आणि शेवटी नाही! चहा ठेवला आणि उभ्या उभ्या रडायला लागले. रागानंच. सोळा वर्षांत कुठल्याच बाईनं मला सगळं ऐकून नाही म्हटलं नव्हतं. मी कुणाला सगळं वाचूनच दाखवलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

राजेश्रीला कळवलं — सोमवारी येते. एकटी. दहा बाया मिळणार नाहीत, माझ्याकडून तर कधीच नाहीत. गोळी पिठाची निघाली तर निघाली. निदान काय गिळायलेय ते मी स्वतः वाचलंय. सुग्रीवला सांगितलं. विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सही केली.

टोळीचा ट्रॅक्टर कालच गेला. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बजरंग अर्ध्या कोयत्यावर गेला, एकटा. गोजरबाईनं त्यालाही नाही म्हटलं. भर रस्त्यात, टोळीदेखत.

आज सकाळी मी बसची वाट बघत उभी, तर ती आली. नवं लुगडं, हातात पिशवी. म्हणली, "दवाखान्यात यायलेय. कागद त्या डॉक्टरणीनं वाचून दाखवावा. तुमी नको. पटलं तर अंगठा, न्हाईतर वापस."

बरं म्हटलं.

बसमध्ये माझ्याजवळ बसली नाही. दोन सीट सोडून बसली. परभणी आली. उतरलो आणि दोघी जागच्या जागी थांबलो, पाय आवळून.

"मुतारी कुटंय?"

मला परभणीतल्या सगळ्या माहीत आहेत. मी पुढं निघाले, ती मागून.