खातेदार गैरहजर

२ जानेवारी, शुक्रवार
नवीन वर्ष कालच लागलं, पण काल ऑफिसात केक होता, म्हणून सुरुवात आजपासून. संकल्प तीन. रोज पहाटे फिरायला जाणे. तंबाखू बंद. हिवरपांगरीच्या शाळेचा रस्ता २६ जानेवारीच्या आत मोकळा करणे. तिसरा सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी.

परिस्थिती अशी. आठवी ते दहावीची नवी शाळा बांधून तयार. फळे आहेत, बाकं आहेत, मुलींचा वेगळा संडास आहे. जायला वाट नाही. सडक आणि शाळा यांच्या मधोमध एक शेत येतं. विटांचे ट्रॅक्टर त्याच शेतातून गेले, तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता वरून पत्र आहे की रस्ता नाही तर इमारतीचा ताबा नाही, आणि ताबा नाही तर आठवीचा वर्ग नाही. मंजूर पैसा ३१ मार्चपर्यंत वापरायचा, नाही तर परत.

म्हणजे विषय नऊ गुंठ्यांचा. सातबाऱ्यावर एकच नाव, इस्माईल शेख. बावीस वर्षं तलाठी आहे मी. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गाव अजून तलाठीच म्हणतं.) नऊ गुंठे हा माझ्या डाव्या हातचा मळ. १ ऑगस्टला महसूल दिनाचा सत्कार असतो, यंदा मीच. भाषणाचे मुद्दे शेवटच्या पानावर काढून ठेवले.

६ जानेवारी, मंगळवार
पहिली मीटिंग. हजर: नायब तहसीलदार प्रियदर्शनी मॅडम, ग्रामसेवक सोमेश्वर, मी. अडीच तास. रस्ता सहा मीटर की नऊ, यावर चर्चा. सोमेश्वर म्हणाला सहा मीटरमध्ये दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले तर काय. मी म्हणालो शाळेत ट्रॅक्टर कशाला येतील. तो म्हणाला पोरं सोडायला. वातावरण पॉझिटिव्ह होतं.

दारात एक म्हातारा उभा. दस्तगीर शेख, स्टँडवर फळांचा गाडा लावतो. म्हणाला, ते रान आमचंच हाय, घ्या, माझी ना न्हाई. मी सांगितलं, खातेदार इस्माईल आहे, त्याला पाठवा. तर म्हणे इस्माईल म्हणजे आमचे अब्बा, त्यांना जाऊन अकरा वर्सं झाली. मी म्हणालो, नुसतं तोंडानं सांगून माणूस मयत होत नाही, वारसाचा अर्ज लागतो. म्हणाला, अर्ज तुमच्याच हातात दिलता, मागच्या न्हवं, त्याच्या आधीच्या दिवाळीत. लोकांना काहीही आठवतं. बघतो म्हणालो.

७ जानेवारी, बुधवार
बॅग झाडली. अर्ज आहे. इस्माईलच्या मृत्यूच्या दाखल्यासकट. लग्नपत्रिकांच्या खाली गेला होता.

आता अडचण अशी. मागच्या एप्रिलात मोहीम होती, प्रत्येक तलाठ्यानं आपल्या गावातल्या सातबाऱ्यावर मेलेली माणसं किती ते शोधून कळवायचं. बाकीचे महिना महिना फिरत बसले. मी दोन दिवसांत अहवाल दिला: मयत खातेदार, निरंक. एकही नाही. तालुक्यात पहिला नंबर. मॅडमनी भर मीटिंगमध्ये माझा कागद वर धरून सगळ्यांना दाखवला.

आज जर इस्माईलला मयत दाखवला तर तो कागद खोटा पडतो. खोटा नव्हताच. माझ्याकडं जी माहिती होती ती सगळी बॅगेत होती, बॅग मी उघडली नव्हती. आधी रस्ता होऊ दे, मग इस्माईलचं बघू. अर्ज कपाटात, सुरक्षित जागी.

फिरायला गेलो नाही. थंडी.

१३ जानेवारी, मंगळवार
इस्माईल शेख यास नोटीस काढली. वीस तारखेला समक्ष हजर राहावे. कोतवाल राम घेऊन गेला आणि परत आला. म्हणतो, साहेब, तो कब्रस्तानात हाय, डकवू कुठं. मी म्हणालो, शेवटचा ज्ञात पत्ता बघ. तर विचारतो, शेवटचा म्हणजे घर का कबर. घरावर डकवायला लावली. पंचनाम्यात लिहून घेतलं, खातेदार घरी मिळून आला नाही. यात एक अक्षर खोटं नाही.

२० जानेवारी, मंगळवार
सुनावणी. पुकारा तीनदा केला. खातेदार गैरहजर.

मग गैरहजर म्हणजे संमती की हरकत, यावर दोन तास. सोमेश्वर म्हणाला संमती, ज्याला हरकत आहे तो येतोच. मॅडम म्हणाल्या हरकत, ज्याला द्यायचं असतं तो येतो. दोन्हीकडून बरोबर होतं. शेवटी वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवायचं ठरलं. पत्राचा मसुदा माझा, छान उतरला.

दस्तगीर पुन्हा आला होता. पिशवीत बोरं. सगळ्यांना वाटली. म्हणाला, नात सातवीला हाय, जूनमध्ये आठवीला बसवायचीय, तेवढा रस्ता होऊ द्या, अंगठा आत्ता घ्या. मॅडमनी मला विचारलं, हा वारस आहे का. मी म्हणालो, पडताळणी चालू आहे. चालूच आहे. अर्ज मी रोज कपाटात आहे का ते बघतो.

बोरं गोड होती.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडा हिवरपांगरीत. दोन शब्द बोललो. रस्ता पंधरा दिवसांत, असं निघून गेलं तोंडातून. टाळ्या.

नंतर सातवीतली एक पोरगी समोर येऊन उभी. खुशनुमा. दस्तगीरची नात हीच. विचारते, सर, आठवी इथं नक्की ना. का विचारतेस म्हणालो. म्हणाली, इथं असली तरच घरचे शिकवतील, तालुक्याला न्हाई पाठवणार म्हणून. मी सांगितलं, जूनमध्ये तू पहिल्या बाकावर. तिनं वहीत लिहून घेतलं, तारीख टाकून. हुशार आहे.

तंबाखू आज फक्त दोनदा.

९ फेब्रुवारी, सोमवार
दुसरी आणि अंतिम नोटीस. या वेळी भाषा कडक ठेवली. आपण जाणीवपूर्वक शासकीय कामात अडथळा आणत आहात, सबब आपणाविरुद्ध पुढील कार्यवाही का करू नये. बावीस वर्षांत असा चिवट खातेदार बघितला नाही. ना हो म्हणतो ना नाही म्हणतो. बाकीचे निदान शिव्या तरी देतात.

घरी कौशल्याला सांगितलं, एका माणसामुळं सगळी शाळा अडली. तिनं विचारलं, कोण तो. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, तो तर मेलाय ना, तुम्हीच म्हणालात. बायकांना प्रशासन समजत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
मार्गदर्शन आलं. एक ओळ: नियमानुसार कार्यवाही करावी. मीटिंग झाली, कोणत्या नियमानुसार यावर. सोमेश्वरनं भेळ मागवली. पुन्हा मार्गदर्शन मागवायचं ठरलं.

९ मार्च, सोमवार
मॅडम म्हणाल्या, बावीस दिवस राहिले. सरळ विचारलं, सगळं गाव म्हणतंय तो माणूस वारलाय, खरं काय. मी म्हणालो, मॅडम, रेकॉर्डला तसं काही नाही. त्या म्हणाल्या, हो, तुमचा अहवाल निरंक होता, तुमच्यावर माझा विश्वास आहे.

एवढा विश्वास टाकणारा अधिकारी मिळायला नशीब लागतं. आता तर तो मोडणं मला शक्यच नाही.

२१ मार्च, शनिवार
ईद. दस्तगीरकडं गेलो. गेलो नसतो, पण रामनं गाडी तिकडंच वळवली. शीरखुर्मा दोन वाट्या. सुनेनं, शाईस्तानं, कौशल्यासाठी डबा भरून दिला. म्हातारा वाळलाय. बोलताना दम लागतो, मध्येच थांबतो. रानाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. बरं वाटलं.

निघताना गाडीपर्यंत आला. म्हणाला, साहेब, नाव लावा, माझ्यानं आता लई थांबवत न्हाई. मी म्हणालो, आठ दिवसांत लावतो. तो म्हणाला, लावा, मग लगीच अंगठा देतो अन् मोकळा होतो.

लावायचंच आता. निरंक गेला खड्ड्यात. सोमवारी पहिलं काम हेच.

२३ मार्च, सोमवार
सर्व्हर डाऊन. सगळ्या तालुक्यात. अकरा वाजता बघितलं.

२४ मार्च, मंगळवार
सर्व्हर सुरू झाला म्हणे दुपारी. मी वसुलीला होतो.

२७ मार्च, शुक्रवार
मार्च एंड. प्रत्येकाची मान मोडेपर्यंत काम. अशात एक नाव लावायचं तर शांत डोकं पाहिजे. घाईत चूक झाली तर पिढ्यान्‌पिढ्या निस्तरावी लागते.

३१ मार्च, मंगळवार
पाच वाजता पैसा परत गेला. मॅडमनी सही केली. अखर्चित राहण्याचं कारण लिहायचं होतं, ते माझ्याकडं दिलं. लिहिलं: वेळोवेळी संधी देऊनही खातेदाराने सहकार्य केले नाही. मॅडम म्हणाल्या, मोजकं आणि स्पष्ट.

सोमेश्वर म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. चहा घेतला. काही वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

१४ एप्रिल, मंगळवार
सुट्टी. रामचा फोन. दस्तगीर शेख सकाळी वारले.

१५ एप्रिल, बुधवार
काल जाऊन आलो. माणसं बरीच होती. मी कोपऱ्यावर थांबलो. इस्माईलच्या शेजारीच जागा दिली म्हणे.

नोंद: तंबाखूचा संकल्प १ मेपासून.

१५ जून, सोमवार
शाळा सुरू झाल्या. हिवरपांगरीत जुनी, सातवीपर्यंतची. नवीला कुलूप. खिडकीत कबुतरं शिरलीत. कामावरून गाडी तिकडून गेली, मी मोबाइल बघत होतो.

८ जुलै, बुधवार
सत्काराची यादी लागली. माझं नाव नाही. झाडं लावणाऱ्याचं आहे.

मॅडमकडं गेलो. हिय्या करून म्हणालो, तो निरंक अहवाल माझा पूर्ण बरोबर नव्हता. त्या दुसरा कागद वाचत होत्या. म्हणाल्या, ते होय, अकरा तलाठ्यांनी मागाहून दुरुस्तीचे अहवाल दिले, सगळ्यांना मेलेली माणसं नंतरच सापडली. मी सह्या करून टाकल्या. तुम्हीही द्यायचा होता की. मी विचारलं, कुणाला काही झालं का. त्यांनी मान वर करून बघितलं. म्हणाल्या, काय व्हायचंय त्यात.

खुर्चीवर येऊन बसलो. तीन वाजेपर्यंत बसून होतो. रामनं दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही गार झाले.

१० जुलै, शुक्रवार
शाईस्ता आली. हातात दोन मृत्यूचे दाखले, सासऱ्याचा आणि त्यांच्या वडलांचा. म्हणाली, अब्बांनी सांगून ठेवलतं, रस्त्याला रान द्यायचं. नाव लावा, सही कुठं करायची ते सांगा.

मी सांगितलं, पैसा मार्चला परत गेला. पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव जाईल. ती म्हणाली, जाऊ द्या की मग. मी खुशनुमाचं विचारलं. घरीच हाय म्हणाली, गाड्यावर बसते. मी म्हणालो, एका वर्षाचाच प्रश्न आहे. ती म्हणाली, साहेब, वरीसभर घरी बसलेल्या पोरीला परत शाळेत कोण धाडतंय. तिला मागणं पण आलंय आष्टीकडचं. रागानं नाही म्हणाली. भाव सांगावा तसं म्हणाली.

कपाटातून अर्ज काढला. कॉम्प्युटर लावला. सर्व्हर चालू होता. इस्माईल मयत. वारस मुलगा दस्तगीर, तोही मयत. त्याच्या खाली मुलगा फिरोज, शाईस्ताचा नवरा. दस्तगीरचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून एक दिवससुद्धा येणार नाही, मधल्या ओळीत मयत म्हणूनच येईल. पंधरा दिवसांची नोटीस, मग फेरफार मंजूर.

नऊ मिनिटं लागली. घड्याळ समोरच होतं.

शाईस्ता उभीच होती. विचारलं, झालं का. मी म्हणालो, झालं. तिनं वाकून स्क्रीनकडं बघितलं. मग म्हणाली, एवढंच हुतं?

मी हो म्हणालो.