साहेब जेवत नाहीत

प्रिय सूनबाई,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण मी फोनवर बोलायला लागले की तुझे सासरे शेजारी उभे राहून माझी वाक्यं दुरुस्त करतात, आणि आज मला जे सांगायचंय ते दुरुस्त करून घ्यायची माझी तयारी नाही. शिवाय विषय तुझ्या घोड्याचा आहे आणि त्या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही. तू त्याला लाडाने काहीही हाक मार, मी त्याला साहेब म्हणते. माझ्या जुन्या कचेरीतल्या साहेबांसमोर कुठलीही फाईल ठेवली की ते आधी नाक मुरडायचे आणि मग वाचायचे. हा तर वाचतही नाही.

तू गेलीस आणि साहेबांनी जेवण टाकलं. अगदीच टाकलं असंही नाही, तसं केलं असतं तर निदान आजारी तरी म्हणता आलं असतं. चार घास खायचे, मान वर करायची, फाटकाकडे बघायचं आणि उरलेलं तसंच सोडून द्यायचं. सासरे म्हणाले, भूक लागली की खाईल. मुलं लहान असतानाही ते हेच म्हणायचे आणि मी ताट घेऊन घरभर फिरायचे. या वेळीही फिरले. ओट भिजवून दिले, तर त्याने ओठांनी चिवडून बाजूला सारले. कोरडे दिले, तर फुरफुरून उडवले. कोंड्यात काकवी घातली, तर काकवी चाटली आणि कोंडा ठेवला. गाजरं किसली, सफरचंदाच्या बिया काढून फोडी केल्या. पोटच्या पोरांचे मी एवढे लाड केले नाहीत. लोक म्हणतात, घोडं कुठे पेंड खातंय ते शोधावं. मी म्हणते, कुठेही खाऊ दे, पण खाऊ दे. महिन्याभरात त्याच्या फासळ्या लांबून दिसायला लागल्या.

मधे जनावरांच्या डॉक्टरांकडून पोटाच्या गोळ्या आणल्या. शेजारणीने सल्ला दिला, गाजर पोखरून त्यात गोळी दडवा. दडवली. साहेबांनी गाजर खाल्लं आणि गोळी गव्हाणीत अशी नीट काढून ठेवली की उचलून परत बाटलीत टाकता आली असती. त्या दिवसापासून माझ्या हातातल्या प्रत्येक वस्तूकडे ते संशयाने बघायला लागले. नुसतं गवत नेलं तरी काडी न् काडी हुंगायची. एवढी वर्षं मी या घरात सगळ्यांना वाढलं, माझ्या हातच्या अन्नावर असा संशय कुणी घेतला नव्हता. एका दुपारी मी त्याला तोंडावर सांगितलं, नसेल खायचं तर नको खाऊस, माझं काय जातंय. तासाभराने पुन्हा बादली घेऊन गेलेच. तो माझ्या डोक्यावर मिरे वाटतो आणि मी वाटू देते.

शेवटी त्या डॉक्टरांनाच घरी बोलावलं. त्यांनी दात पाहिले, दाढांच्या टोचणाऱ्या कडा कानशीने घासून सारख्या केल्या, पोटाला कान लावला, रक्त तपासायला नेलं. आजार काही नाही म्हणाले. मग बादली उचलून वास घेतला आणि विचारलं, ही कशाने धुता. मी ताठ मानेने सांगितलं, लिंबाच्या वासाच्या साबणाने, गरम पाण्यात, दोन वेळा, गव्हाणसुद्धा. तू नुसत्या पाण्याने विसळायचीस ते मला कधी पटलं नव्हतं आणि मी ते तुला बोलूनही दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही त्याला रोज साबण वाढताय. ते हसले, मी हसले नाही. तुझे सासरे अजून हसताहेत. साबण बंद केला तेव्हा साहेब अर्ध्या बादलीवर आले.

पण डॉक्टर जाता जाता आणखी एक गोष्ट बोलून गेले. तुझ्या नव्या नोकरीच्या ठिकाणी, त्या घोडेस्वारीच्या शाळेत, साहेबांना जागा मिळाली आहे आणि तू त्यांना घेऊन जायचं म्हणतेस, हे आम्ही त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, एवढ्या खंगलेल्या घोड्याला दिवसभराचा ट्रकचा प्रवास झेपणार नाही. वाटेत पोटशूळ उठला तर हाती लागणार नाही. आधी अंगावर मांस येऊ द्या. चिरंजीव तबेल्याच्या दाराला टेकून उभे होते. बाकीचं त्यांना किती ऐकू आलं कोण जाणे, हे मात्र त्यांनी पाठ केलं आणि त्याच संध्याकाळी तुला फोनवर जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

मग त्या रविवारी तू आलीस. फाटकापाशी तुझा आवाज ऐकून हा आमचा अन्नत्यागी असा खिंकाळला की पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. तू पायातले बूटही काढले नव्हतेस तोवर बादली रिकामी. खरं सांगते, मला अपमान वाटला. चिरंजीवांनी सकाळीच दाढी करून चांगला शर्ट घातला होता. तुला तीन-तीनदा चहा विचारला. तू त्यांच्याशी नीट बोललीस, वाकडा शब्द काढला नाहीस, आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. तू गेल्यावर घोडा आणि माझा मुलगा, दोघंही रस्त्याकडे बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी घोड्याने पुन्हा जेवण टाकलं आणि चिरंजीवांनी पुन्हा फोन उचलला, की ये, तो खात नाहीये.

मला काय दिसत नाही का? चिरंजीव कामावरून घरी आले की पहिला प्रश्न, खाल्लं का. नाही म्हटलं की फोन. एकदा मी सांगितलं, आज सगळं खाल्लं. त्याचा चेहरा पडला. सूनबाई, मी त्याला जन्म दिलाय, तो चेहरा मला वाचता येतो. घोड्याने खाल्लं म्हणून त्याला वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी येताना लसूणघासाच्या पेंढ्या आणायला सांगितल्या होत्या, आणल्या नाहीत. विसरलो म्हणाला. तो विसरला नव्हता. मला इतका राग आला की त्या रात्री मी त्याला नुसतं वाढलं, त्याच्याशी बोलले नाही. रागही आला आणि त्याची कीवही आली. तुमच्या दोघांत काय बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारत नाही, पण मुक्या जिवाच्या पोटावर हे भांडण चालवायला माझी परवानगी नाही.

त्या दिवसापासून साहेबांचं खाणंपिणं पूर्ण मी हातात घेतलं. लसूणघास आणायला स्वतः जायला लागले. आणि एक दिवस गंमत झाली. बादली ठेवली, त्याने नेहमीसारखं तोंड फिरवलं, आणि मी इतकी वैतागले की त्याच्याकडे पाठ करून गवताच्या गठ्ठ्यावर बसले, माझा डबा उघडला आणि मुलाला, नवऱ्याला, तुलासुद्धा, मोठमोठ्याने बोल लावत जेवायला लागले. मागून चावण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर थांबला. पाठ केली, पुन्हा सुरू. म्हणजे बघ, आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे टक लावून उभे राहायचो आणि वर म्हणायचो, खात का नाही. कुणाच्या घशाखाली उतरेल? तेव्हापासून माझं दुपारचं जेवण तबेल्यात असतं. माझं बोलणं थांबलं की त्याचं खाणंही थांबतं, म्हणून मी तक्रारी पुरवून वापरते. या घरात त्यांचा तुटवडा नाही. फासळ्या झाकल्या गेल्या आहेत, खरारा केला की अंग चकाकतं, आणि परवा माझी बाही चावली तेव्हा मला चक्क बरं वाटलं.

आता पत्राचं कारण. सोमवारी डॉक्टर येऊन गेले. पोटाभोवती टेप लावून मोजलं आणि म्हणाले, आता कुठेही न्या. मी त्याला चारत होते ते त्याने इथे राहावं म्हणून नाही, त्याला जाता यावं म्हणून. शनिवारी सकाळी ट्रक निघेल, सासरे सोबत येतील, अंधार पडायच्या आत पोहोचतील. चिरंजीवांना काल सांगितलं. ते म्हणाले, घोडा गेला तर ती कशाला येईल. मी म्हटलं, घोड्यासाठी येत असेल तर ती तुझ्याकडे आलेलीच नाही. तो रडला. मी त्याच्याजवळ बसून राहिले. तू परत यावंस असं मला वाटतं का? रोज वाटतं. माझ्याशी बरोबरीने भांडणारं या घरात आता कुणी नाही. पण घोडा उपाशी ठेवून मला सून घरी आणायची नाही. तुझं जे होतं ते तुझ्याकडे येतंय. आता इथे तुझं काही अडकलेलं नाही, तेव्हा घाई न करता ठरव. यायचं ठरलं तर त्याला सांग. नाही यायचं ठरलं, तर मात्र आधी मला सांग. त्याला कसं सांगायचं ते मी बघेन.

तुमचं काहीही ठरो, तुझीच,
सासूबाई