कापसाच्या खोलीतला प्रयोग

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी मी तुमच्याशी भांडतेच आहे. मेलेल्या माणसाशी भांडायची एक सोय असते, ते मधे बोलत नाही.

आमचं गाव धामणगाव बढेच्या अलीकडचं. तुम्ही खामगावहून यायचात आणि कापूसवेचणीवरून परतलेल्या आम्हा बायापोरींना शाळेच्या पटांगणात शब्दांशिवायचं नाटक शिकवायचात. कोंडलेल्या बायका, त्यांनी एकमेकींच्या खांद्यावर चढून पाडलेली भिंत आणि शेवटी कुलूपच नसलेलं गाव. मी सगळ्यांत वर असायचे. पोरगी चारचौघांत पाय फाकून उभी राहते, हे भावाच्या कानावर गेलं आणि त्याने मला कापसाच्या खोलीत घातलं. बीटीचं बियाणं आल्यापासून बोंडं उदंड, पण त्या साली भाव बसला होता, म्हणून खिडकीपुढची थोडी जागा सोडून कापूस आढ्याला टेकेस्तोवर भरून ठेवलेला. अंगाला अशी खाज सुटायची की कोंडल्याचं दुःख मागे पडायचं.

तुम्ही आलात तेव्हा भाऊ ओट्यावर बसला होता. पोरगी बाहेर येणार नाही, म्हणाला. तुम्ही वाद घातला नाहीत. खिडकीसमोर गल्लीत उभ्या राहिलात आणि हात हलवू लागलात. मी आतून तसेच हलवले, गुडघ्यापर्यंत कापसात रुतून. मग रोज संध्याकाळी तशीच तालीम. एकदा गजांना तोंड लावून हळूच म्हणालात, "आपन नाटकच तुह्या दारात आनू. शेवटी आमी साऱ्या तुह्याकडं हात करू. सारा गाव पाह्यत राह्यला म्हंजे त्याले कुलूप काढाच लागते."

मी विश्वास ठेवला. दुसरं होतं काय माझ्याकडे?

प्रयोगाला गल्ली भरली आहे. हलगी वाजते. तुम्ही सगळ्या भिंत पाडता, माझ्याकडे वळता, हात पुढे करता. मी गजांतून दोन्ही हात बाहेर काढते. भाऊ दाराशीच उभा आहे, किल्ली त्याच्या खिशात, आणि तो टाळ्या वाजवतो. तुम्ही थबकता. मला वाटतं, आता नाटक मोडाल, किल्ली मागाल. पण हलगी पुढच्या ठेक्यावर जाते आणि तालमीत बसवलं होतं तशाच तुम्ही सगळ्या नाचत त्या बिनकुलपाच्या गावाला निघता आणि हापशीच्या वळणावर दिसेनाशा होता.

लोकांनी भावाचं कौतुक केलं. "बहिनीले घरबसल्या नाटक करू देलं, मानूस चांगला हाय." दुसऱ्या दिवशी तुम्ही खिडकीशी येऊन रडलात. मी पाठ फिरवून बसले. पुढे कापूस पडेल भावात गेला, खोली झाडून घेतली आणि त्याच उन्हाळ्यात मला जानेफळला देऊन टाकलं.

माझा राग अजून गेलेला नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, आणि आता कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिते. तुम्ही निघून गेलात तरी लोक हलले नव्हते. माझे हात बाहेरच होते, त्यांना वाटलं नाटक चालू आहे. मग मी ते चालू ठेवलं, शेवटचा माणूस उठेपर्यंत, एकटीने, तुम्ही न शिकवलेलं. आणि बाई, ते मला फार आवडलं.